वजन मशीन सांगतंय, दर कोण सांगतंय?

दिवाळी उरकली की आम्ही सांगलीकडं मामांकडं जातो, कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालेलं असतं, रस्त्यावर ट्रॉल्यांतनं सांडलेल्या उसाचा चुरा आणि हवेत मळीचा तो गोडसर आंबूस वास, जो पुण्यात कितीही आठवला तरी नाकात येत नाही. यावेळी मामांच्या खालच्या रानातला ऊस तुटला होता. संध्याकाळी ते सोप्यात बसलेले आणि मोबाइल वाजला. कारखान्याचा मेसेज. वाहनाचा नंबर, स्लिप नंबर, भरलेलं वजन, रिकाम्याचं वजन, निव्वळ वजन, सगळं किलोपर्यंत. मामांनी चष्मा लावला, देवळीतली लाल कापडी बांधणीची वही काढली आणि मेसेजमधला आकडा बॉलपेननं त्यात उतरवला. त्याच्या शेजारीच दुसरा आकडा आधीच लिहिलेला होता, सकाळी ट्रॅक्टर कारखान्याकडं जायच्या आधी हमरस्त्यावरच्या खाजगी काट्यावर स्वतःचे पैसे भरून करून घेतलेलं वजन. दोन्ही जवळपास सारखे होते. मी म्हटलं, मामा, आता तर सगळं मोबाइलवर येतंय, वजनात काटा मारायला जागाच उरली नाही की. त्यांनी वही मिटली. म्हणाले, "वजान मशीन सांगतंय गं बाळ. दर कोण सांगतंय?"

एवढंच म्हणाले आणि वैरण टाकायला गोठ्यात गेले.

ते वाक्य डोक्यातनं जाईना, कारण मामांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती, की नेमका हाच प्रश्न घेऊन एका अर्थशास्त्रज्ञानं सगळ्या महाराष्ट्रातले साखर कारखाने धुंडाळलेत. संदीप सुखटणकर त्यांचं नाव, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवतात, आणि भ्रष्टाचार, सरकारी योजना, तंत्रज्ञान ह्याच विषयांत त्यांचं बरंचसं काम आहे, त्यातलं पुष्कळसं कार्तिक मुरलीधरन आणि पॉल नीहाउस ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांबरोबर केलेलं. साखरेवरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, मात्र त्यांचा एकट्याचा, २०१२ सालचा. त्यात कुणाच्या घरावर धाड नाही, कुणाचं गुप्त रेकॉर्डिंग नाही. कारखान्यांनी कोणत्या वर्षी टनाला काय दर दिला ते १९९३ ते २००५ पर्यंतचे आकडे आणि त्याच्या शेजारी निवडणुकांची वर्षं, बस. कुठल्या कारखान्याचा चेअरमन आमदारकीला किंवा खासदारकीला उभा होता ते बघितलं, आणि त्या कारखान्याचा निवडणुकीच्या वर्षातला दर त्याच्याच इतर वर्षांतल्या दराशी आणि बाकीच्या कारखान्यांच्या दराशी ताडून पाहिला. ज्यांचा माणूस निवडणुकीच्या रिंगणात, त्या कारखान्यांचा उसाचा दर निवडणुकीच्या वर्षी खाली जात होता. आमच्याकडं हे चावडीवर, एसटी स्टँडवर कुणीही सांगेल, म्हातारी माणसं तर हसून सांगतील, पण चावडीवर सांगणं वेगळं आणि कागदावर असं सिद्ध होणं वेगळं. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पोटात कसंतरी झालं होतं. शेतकऱ्याचा ऊस बरोबर मोजून घेतलेला, पावती बरोबर, सही बरोबर, आणि चोरी झाली ती काट्यावर नाही तर वर्षाच्या शेवटी बंद खोलीत ठरलेल्या एका आकड्यात.

पण त्या पेपरात पुढं अजून एक गोष्ट आहे आणि ती जास्त छळते. चेअरमन निवडून आला की नंतर त्या कारखान्याचा दर वर जातो, म्हणजे शेतकऱ्याला भरपाई मिळते. मग ह्याला काय म्हणायचं? लूट म्हणायची, की सभासदांनी आपल्या माणसाच्या निवडणुकीला न विचारता लावलेला पैसा, जो माणूस जिंकला तर वसूल होतो? मामांनी आयुष्यभर त्यांच्या चेअरमनला मत दिलंय. कारखान्यानं गावात शाळा आणली, दवाखाना आणला, लिफ्ट इरिगेशनची पाइपलाइन आणली, मामांच्या थोरल्याला तिथं चिकटवून घेतलं. दर कमी बसला त्या वर्षी मामा चिडलेले मला आठवतात, जेवताना ताटावरनं उठले होते, आणि त्याच वर्षी प्रचाराच्या जीपमध्ये पुढं बसलेलेही आठवतात. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदतात आणि मला त्याचा निवाडा करता येत नाही. ऊस तोडला की लवकर गाळपाला जावा लागतो, उशीर झाला की वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, म्हणून शेतकरी जवळच्या कारखान्याला बांधलेला असतो, त्याला भाजीवाल्यासारखा माल उचलून दुसऱ्या बाजारात नेता येत नाही. बांधलेल्या माणसाचा राग कितीही खरा असला तरी तो शेवटी त्याच गेटवर ट्रॉली लावतो.

आणि काटा डिजिटल झाला म्हणून सगळं थांबलं असंही नाही. तोड लवकर मिळावी म्हणून तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरणं आहेच, टोळीच्या हातावर ठेवायची खुशाली आहे, ट्रॅक्टर ड्रायव्हरला द्यायची एंट्री आहे. ऊस मोजण्याचं मशीन आलं, ऊस कधी तुटणार हे ठरवणारी माणसं तशीच राहिली.

पुण्याला परत आल्यावर सुखटणकर आणि त्यांच्या साथीदारांचे ते सगळे पेपर मी परत काढून वाचत बसले, रात्री उशिरापर्यंत, घरातली झोपल्यावर. ह्या लोकांनी वर्षानुवर्षं एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलाय, की सरकार वरनं पाठवतं तो रुपया खाली पोचताना कुठं जिरतो आणि मशीननं ते जिरणं थांबतं का. आणि हे सगळं ज्या योजनेभोवती फिरतं ती आमच्याच मातीतनं उगवलेली आहे. रोजगार हमी. तिचे जनक वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, मामांच्या गावापासनं फार लांब नाही. ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासनं लागू झाला, आणि तिच्या खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, जो अजून माझ्या पगारातनं कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे रुपये. पुढं २००५ मध्ये देशाचा कायदा आला. माझी आजी ७२ ला खडी फोडायला होती. सुकडीची चव तिला म्हातारपणीही आठवायची, आणि मुकादमाच्या मस्टरवरचा, म्हणजे हजेरीपटावरचा अंगठाही. ती सांगायची की अंगठ्याला शाई लावली की तो पुसायला काही मिळायचं नाही, मग मातीतच घासायचा. आणि हेही सांगायची की मस्टरवर अशी नावं असायची ज्यांना कामावर कुणी कधी बघितलं नव्हतं. तिला त्यात नवल वाटत नव्हतं. दुष्काळात ज्याच्या हातात वही त्याच्या हातात सगळं.

ओडिशाची गोष्ट त्या वहीचीच आहे. २००७ च्या १ मे ला तिथं रोजगार हमीची मजुरी ५५ रुपयांवरनं ७० केली गेली. सरकारी कागदावर त्या दिवसापासनं मजुरी वाढलेली दिसते. नीहाउस आणि सुखटणकर यांनी सरकारी मस्टरवरची नावं घेतली आणि त्या त्या घरी माणसं पाठवून विचारलं, काम केलं का, किती दिवस केलं, हातात काय पडलं. वाढलेल्या १५ रुपयांतलं मजुराच्या हाती काही पडलंच नव्हतं. काहीच नाही! अर्थसंकल्पात तरतूद वाढली, जीआर निघाला, मंत्र्यानं भाषण केलं असेल, आणि कामावरच्या बाईसाठी तो दिवस आदल्या दिवसासारखाच गेला. मला त्या पानावरचं कोष्टक वाचताना आजीचा अंगठा दिसत होता, हे मी खरं सांगते.

आता आंध्र. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर ह्या तिघांचं सगळ्यात मोठं काम इथलं, आणि माझ्या मनात आशा आहे ती ह्याच्यामुळं. २०१० च्या आसपास तेव्हाच्या अखंड आंध्र सरकारनं रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन स्मार्टकार्डवर द्यायचं ठरवलं, बोटाचे ठसे घेऊन. सरकारनं ह्या अभ्यासकांना मान्य केलं की कुठल्या मंडलात, म्हणजे तिथल्या तालुक्यासारख्या भागात, आधी कार्ड द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवू, म्हणजे पुढं तुलना खरी होईल. १५७ मंडलं, जवळपास १ कोटी ९० लाख वस्ती. एवढ्या मोठ्या जागी एखादी सरकारी योजना अशी तपासली जाते ह्याचंच मला अप्रूप आहे, कारण आपल्याकडं योजना जाहीर होते, फोटो लागतात, आणि तिचं काय झालं ते पुढची योजना येईपर्यंत कुणी विचारत नाही. निकाल असा, की दोन वर्षांनी जेमतेम निम्मी देणी कार्डावर आलेली, म्हणजे अंमलबजावणी अर्धीकच्चीच, तरीसुद्धा मजुरी हातात पडायला लागणारा वेळ २९ टक्क्यांनी कमी झाला, पैसे घ्यायला मोडणारा वेळ दर खेपेला बावीसेक मिनिटांनी कमी झाला, आणि सरकारचा खर्च तेवढाच राहून मजुरांची कमाई वाढली, मधल्या मधे जिरणारा पैसा ४१ टक्क्यांनी घटला. नुसत्या मजुरांच्या वाचलेल्या वेळाची किंमत केली तरी कार्डांचा खर्च निघाला.

मला त्यातली एक बारीक बाब सगळ्यात महत्त्वाची वाटते जी बातम्यांत कधी येत नाही. मशीन कुणाच्या हातात दिलं? पोस्टात नाही, तालुक्याला नाही. शक्यतो गावातलीच बाई, थोडी शिकलेली, बचत गटातली, मागास समाजातली असेल तर बरं, आणि पंचायतीतल्या पदाधिकाऱ्यांच्या नात्यातली नसावी, अशी अट होती. ती मशीन घेऊन गावात बसायची, ठसा घ्यायची, पैसे मोजून द्यायची, पावती छापून द्यायची. म्हणजे आधी जी बाई पैशासाठी अर्धा दिवस मोडून पोस्टापर्यंत चालत जायची आणि पोस्टमन किंवा रोजगार हमीचा फील्ड असिस्टंट देईल ते घ्यायची, तिच्या गावात आता पैसा चालत आला आणि तो देणारी कुणी साहेब नव्हती. बोटांचे ठसे ह्यात आहेतच, पण मला विचाराल तर निम्मं काम ह्या नेमणुकीनं केलं.

ह्याच्या उलट झारखंड.

तेच अभ्यासक, तेच बोटांचे ठसे, ह्यावेळी रेशन. झारखंडमध्ये रेशनच्या दुकानात आधार आणि अंगठा सक्तीचा झाला त्याची पाहणी १ कोटी ५० लाख लाभार्थ्यांच्या पातळीवर केली गेली. नुसत्या सक्तीनं गळती म्हणावी तशी कमी झाली नाहीच. पण ज्यांचा आधार आधीपासनं जोडलेला नव्हता, आणि असे लोक २३ टक्के होते, त्यांना मिळणारं धान्य १० टक्क्यांनी घटलं. ते कोण असतील ते सांगायला पेपर वाचायची गरज नाही, म्हातारे, एकट्या राहणाऱ्या बाया, जंगलातल्या वाड्यांवरचे. मग २०१७ च्या मध्यावर पुढची पायरी आली. मशीनमध्ये जेवढं धान्य वाटलेलं दिसतं ते वजा करून दुकानात जेवढं उरलं असायला हवं, तेवढं दुकानदाराच्या पुढच्या कोट्यातनं कापायचं. कागदावर चोख हिशोब. पण दुकानात ते धान्य उरलेलं नव्हतंच, ते आधीच्या कित्येक महिन्यांत गेलेलं होतं, त्यामुळं नवीन माल कमी आला आणि दुकानदारानं त्याची झळ रांगेतल्या माणसाला लावली. चोरी कमी झाली हे खरं, पण त्याच्याबरोबर लोकांच्या पिशवीतलं धान्यही कमी झालं, आणि ओरड एवढी झाली की काही महिन्यांतच सरकारनं ते थांबवलं. चोराकडनं वसूल करायला निघालेली रक्कम शेवटी भुकेल्याच्या ताटातनं निघाली. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मामांच्या गावच्या रेशन दुकानात मी हे अगदी जवळनं बघितलंय. सोसायटीच्या इमारतीतली खोली, दारात चपलांचा ढीग, आत गव्हाच्या धुळीचा वास, आणि टेबलावर ते काळं पॉस मशीन. ऊसतोडीच्या टोळीत आयुष्य गेलेली एक म्हातारी, आता हिला तोडीला कुणी नेत नाही. तिनं अंगठा ठेवला, मशीननं नाही म्हटलं. पदराला पुसून ठेवला, नाही. दुकानदार वाईट माणूस नव्हता, तो म्हणाला, आज्जी, जरा केसावरनं फिरवा, तेल लागू दे. तिनं फिरवला. तर्जनी झाली, मधलं बोट झालं. पाचटाच्या धारेनं आणि कोयत्याच्या मुठीनं बोटांवरच्या रेषा गेलेल्या, कातडी उसाच्या पेरासारखी गुळगुळीत आणि मधेच चिरलेली. रांगेतली माणसं कंटाळली होती, एकजण म्हणाला, मावशे, बाजूला हो, बाकीच्यांचं होऊ दे. ती बाजूला झाली, भिंतीला टेकून बसली, आणि जी गोष्ट मला विसरता येत नाही ती म्हणजे तिनं सगळ्यांकडं बघत "माझाच अंगठा वाईट हाय" असं म्हटलं. शेवटी नातवाचा अंगठा लागला आणि धान्य मिळालं. त्या दिवशी मिळालं.

तिला स्वतःला सिद्ध करायला लावलं जातं, दर महिन्याला, सगळ्या गावासमोर. दुकानात धान्य वेळेवर का आलं नाही, तालुक्याच्या गोदामातनं पोतं कमी वजनाचं का निघालं, ह्यासाठी कुणाला अंगठा ठेवावा लागतो? मला ह्या सगळ्या वाचनातनं जे दिसतं ते हे, की मशीन कुणाकडं तोंड करून बसवलंय त्यावर सगळं अवलंबून आहे. घेणाऱ्यावर रोखलेलं असलं तर ते घेणाऱ्याला गाळतं. देणाऱ्यावर रोखलेलं असलं तर देणारा सुधारतो, निदान काही काळ तरी.

तेलंगणाचं उदाहरण म्हणून मला इतकं आवडतं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं रयतू बंधू योजना आणली, हंगामासाठी एकरी ४००० रुपये, शेतकऱ्याच्या नावाचा चेक, आणि तो चेक हातात द्यायची जबाबदारी शेती खात्याच्या अधिकाऱ्यांवर. ५७ लाख शेतकरी. काही भागांतल्या अधिकाऱ्यांना, चिठ्ठ्या टाकूनच निवडलेल्या, एवढंच कळवलं गेलं की तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांना फोन करून आम्ही विचारणार आहोत, चेक मिळाला का, कधी मिळाला. बाकी काही नाही, ना शिक्षा, ना बक्षीस, ना नवीन ॲप. कॉल सेंटरवरनं फोन गेले. आणि ज्या शेतकऱ्यांना चेक मिळालाच नाही त्यांची संख्या त्या भागांत ७.८ टक्क्यांनी कमी झाली. खर्च किती, तर जास्तीचा एक रुपया पोचवायला चार पैशांच्याही आत. शेतकऱ्याला काहीही सिद्ध करावं लागलं नाही, त्याला फक्त फोन उचलून खरं सांगायचं होतं. सरकारी खात्यातनं आलेला आणि काहीही न मागता "तुम्हाला मिळालं का?" एवढंच विचारणारा फोन मामांना आयुष्यात एकदाही आलेला नाही.

आमच्याकडची दिशा मात्र अजून उलटीच आहे. २०२३ च्या १ जानेवारीपासनं रोजगार हमीच्या कामांवर ॲपवर हजेरी सक्तीची झाली, मजुरांचे फोटो दिवसातनं दोनदा काढून चढवायचे. डोंगरात रेंज नसली की फोटो चढत नाही, फोटो चढला नाही की दिवस बुडतो, काम केलेलं असूनही. मजुरी बँकेत पडायला उशीर झाला तर तो उशीर ज्या टेबलावर झाला त्या टेबलाचा फोटो कुणी दिवसातनं दोनदा काढत नाही. आणि पळवाटा तर निघतातच. उदयपूरकडं बऱ्याच वर्षांपूर्वी सेवा मंदिर संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ह्या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी नर्सच्या हजेरीसाठी तारीख-वेळ छापणारी मशीनं लावून बघितली होती. सुरुवातीला नर्स यायला लागल्या. मग खात्यानंच हळूहळू "ह्या दिवशी सूट, त्या दिवशी सूट" द्यायला सुरुवात केली, आणि दीडेक वर्षात मशीन असलेल्या आणि नसलेल्या दवाखान्यांत फरक उरला नाही. मशीन चालू होतं, वरच्यांनीच ते मानणं सोडून दिलं. उलट बिहारमध्ये २०१२-१३ ला रोजगार हमीचा पैसा अंदाजपत्रकावर आगाऊ न सोडता झालेल्या खर्चाच्या नोंदीवर थेट सोडायला लागले, मधले टप्पे उडवले, तिथं खर्च घटला आणि मजुरांचं काम आणि मजुरी होती तेवढीच राहिली, म्हणजे घटला तो खोट्या नावांवरचा खर्च. त्या काळात योजनेवरच्या अधिकाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेली मालमत्ताही कमी झालेली दिसली. तिथं मशीननं मजुराला काहीच विचारलं नव्हतं.

आता विकासाचं. भ्रष्टाचार कमी झाला की देश पुढं जातो असं आपण निबंधात लिहितो, पण कसा, कुठल्या वाटेनं, हे आंध्रच्याच गावांत मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर ह्यांनी पुढं तपासलं आणि तो पेपर २०२३ मध्ये आला. जिथं स्मार्टकार्डानं रोजगार हमी नीट चालायला लागली तिथल्या गरीब घरांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली. आणि ह्यातली ८६ टक्के वाढ रोजगार हमीच्या पैशातनं आलेलीच नाही! ती आली बाहेरच्या मजुरीतनं. कारण सरकारी कामाचा पैसा खात्रीनं मिळतो म्हटल्यावर शेतावर कमी पैशात जायला लोक तयार होईनात, मालकाला मजुरी वाढवावी लागली, आणि आश्चर्य म्हणजे मजुरी वाढूनही काम कमी झालं नाही, वाढलं. सगळ्यात जास्त कुठं वाढलं, तर जिथं जमीन थोड्याच लोकांच्या हातात होती तिथं. शेतीबाहेरचे छोटे धंदेही गावात वाढले, कारण मजुराच्या हातात पैसा आला की तो गावातच खर्च होतो.

आणि जमीनवाल्यांना जमिनीतनं सुटणारा पैसा घटला, हेही त्याच पेपरात आहे.

इथं मला माझंच घर दिसतं. मामी कितीतरी वर्षं म्हणतेय की भांगलायला, तण काढायला बाया मिळत नाहीत, रोजगार परवडत नाही, सरकारनं फुकट खायची सवय लावली. ती काही सावकारीण नाही, दोन-अडीच एकरांतलं तिचं गणित खरंच बसत नाही, खताचं पोतं, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज, आणि वर दर ठरवणारा तो बंद खोलीतला आकडा. वरनं कारखाना मामांना दाबतो, आणि मामांच्या बांधावर भांगलणीला येणाऱ्या बाईची मजुरी वाढली की मामांना खालनं चिमटा बसतो. माझं शिक्षण त्या उसाच्या बिलावर झालेलं आहे, सुट्टीत मामीबरोबर बायांना चहा घेऊन मीच जायचे, आणि त्यांना संध्याकाळी किती पैसे दिले जायचे ते मला माहीत आहे. पण मामींना मी ह्यावेळी सांगितलं, की त्या बाईला जास्त मागायची हिंमत आली असेल तर मला त्यात चांगलंच दिसतं. मामी बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, तुमचं शहरात बसून बोलायला काय जातंय. मी गप्प बसले पण माझं मत तेच आहे. मजुराची मजुरी दाबून शेतीचं गणित बसवण्यापेक्षा वरचा दर मोकळ्या हिशोबानं का ठरत नाही ह्यावर भांडावं असं मला वाटतं, आणि त्या भांडणात मामी आणि भांगलणारी बाई एका बाजूला असायला हव्यात.

आंध्रात ते कार्ड २०१३ मध्ये जवळजवळ बंदच पडणार होतं हे फार लोकांना माहीत नाही. ज्यांचं पैसे खाणं बंद झालं ते थोडे होते, पण त्यांची ऊठबस वरपर्यंत होती, तक्रारी करत होते की ही पद्धत चालत नाही, लोकांना त्रास होतोय, आणि त्यांचंच म्हणणं वर पोचत होतं. ज्यांना फायदा झाला ते लाखो होते आणि त्यांच्यातलं कुणी मुख्यमंत्र्यांना भेटायला जाणार नव्हतं. अभ्यासकांच्या पाहणीत ज्यांनी दोन्ही पद्धती बघितल्या होत्या त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं होतं की आम्हाला जुनं नको, कार्डच हवं. ते आकडे सरकारपुढं ठेवले गेले, आणि कार्ड राहिलं. पोस्टापर्यंत चालत जायचे त्यांना कुणीतरी घरी जाऊन विचारलं होतं म्हणून.